जुळाऱ्याच्या हातचे खर्डे : वॉल्ट व्हिटमनची हस्तलिखिते आणि मुद्रिते

वॉल्ट व्हिटमन (१८१९–१८९२) या अमेरिकी कवीने आयुष्यभर एकच कवितासंग्रह लिहिला, असे म्हटले तरी चालेल. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती जुलै १८५५ मध्ये ब्रुकलिनमध्ये निघाली, तेव्हा तिची पाने ९५ होती आणि कविता १२. पुढच्या वर्षी कविता ३२ झाल्या, १८६० मध्ये १४६ नव्यांची भर पडून १७८, आणि १८८१ मध्ये बोस्टनला संग्रहाची रचना एकदाची पक्की झाली तेव्हा २९३. दरम्यान कवितांची नावे बदलली, क्रम बदलला, विरामचिन्हे बदलली. काही कविता आल्या आणि पुढच्या आवृत्तीत गळाल्या. ही सगळी मोडतोड ज्या कागदांवर झाली, त्यांतले हजारो कागद आज अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जपलेले आहेत. त्यांत खिशातल्या वह्या आहेत, पाठकोऱ्या कागदांवरचे खर्डे आहेत, छापखान्यातून आलेली मुद्रिते आहेत आणि कवीने स्वतःच्याच छापील पुस्तकावर केलेली खाडाखोडही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फार थोड्या कवींच्या मागे एवढा पसारा उरला. ज्या आवृत्तीने त्याचे नाव झाले, तिचे हस्तलिखित मात्र जवळजवळ सगळेच नाहीसे झाले आहे.

या कागदांकडे पाहण्याआधी व्हिटमनचा मूळ धंदा लक्षात घ्यावा लागतो. तो छापखान्यात वाढलेला माणूस होता. १८३१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ‘लाँग आयलंड पेट्रिअट’ या ब्रुकलिनच्या वृत्तपत्रात तो उमेदवारीला लागला आणि खिळे जुळवायला शिकला. नंतर त्याने शाळेत शिकवले, स्वतःचे साप्ताहिक काढले, १८४६ ते १८४८ या काळात ‘ब्रुकलिन डेली ईगल’चे संपादन केले, घरे बांधून विकली. पण हाताला लागलेली जुळाऱ्याची सवय कधी सुटली नाही. सर्वसाधारण कवीचा क्रम ठरलेला असतो: आधी खर्डा, मग सुवाच्य प्रत, मग मुद्रित, आणि मुद्रितात चुकलेली अक्षरे दुरुस्त केली की काम संपले. व्हिटमनच्या बाबतीत हा क्रम टिकत नाही. कविता खिळ्यांत लागल्याशिवाय ती नीट दिसत नाही, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे मुद्रित हाती आले की त्याचे खरे लेखन पुन्हा सुरू होई. त्याचे हस्तलिखित कुठे संपते आणि छापील पाठ कुठे सुरू होतो, याची रेघ ओढणे अभ्यासकांना अजून जमलेले नाही. बहुधा ती ओढताच येणार नाही.

१८५५ ची आवृत्ती ब्रुकलिनमधल्या रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात छापली गेली. व्हिटमन रोज तिथे जाई, मुद्रिते तपासी, आणि काही पाने त्याने स्वतः जुळवली. ती दहाएक असावीत. प्रती निघाल्या ७९५. मुखपृष्ठावर कवीचे नाव नव्हते, फक्त आत कोरीव चित्र होते: उघडी मान, कमरेवर हात, डोक्यावर कललेली टोपी. रोम बंधूंचा मुख्य धंदा कायदेशीर कामाचे कोरे नमुने छापण्याचा होता. पुस्तकाचे पान एवढे मोठे का, याचे एक उत्तर एड फोल्सम या अभ्यासकांनी त्यातच शोधले आहे. छापखान्यातला तोच कागद, तीच मापे. व्हिटमनच्या लांबच लांब ओळींना ते मोठे पान सोयीचेच पडले.

मग हस्तलिखिताचे काय झाले? म्हातारपणी व्हिटमनने होरेस ट्रॉबेल या आपल्या तरुण मित्राला सांगितले की ते काही वर्षे रोमकडेच पडून होते, आणि शेवटी शेगडी पेटवायला किंवा रद्दीवाल्याकडे गेले. यात दुर्लक्ष होते, पण आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. छापखान्यात मजकूर एकदा जुळवून, तपासून, छापून झाला की हस्तलिखिताचे काम संपते. शाईचे डाग पडलेले, बोटांचे ठसे उमटलेले ते कागद कुणी कशाला ठेवील? स्वतः जुळारी असलेल्या व्हिटमनलाही तेव्हा तसेच वाटले असणार. कवीच्या हस्ताक्षराला बाजारात किंमत असते, हे त्याला पुढे कळले. मग त्याने कागद टाकणे जवळजवळ बंदच केले.

पहिल्या आवृत्तीच्या आखणीचा एक महत्त्वाचा कागद वाचला आहे. तो ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. त्याच्या एका बाजूला शब्दांची यादी आहे आणि दुसऱ्या बाजूला कवितांच्या क्रमाबद्दलचे टाचण. त्याच बाजूला एक हिशेबही आहे: आपल्या दाट लिहिलेल्या एका पानात अक्षरे किती, छापील पुस्तकाच्या पानात किती, मग एकूण पाने किती होतील? ‘कास्ट-ऑफ’चा हा हिशेब छापखान्यात रोजचाच. काव्याच्या इतिहासात क्रांती घडवणाऱ्या पुस्तकाच्या खर्ड्यावर असा हिशेब सापडावा, यातच या कवीचे वेगळेपण आहे.

हस्तलिखित नसल्यामुळे अभ्यासकांनी १८५५ च्या छापील प्रतींनाच साक्षीदार मानले. उरलेल्या प्रती एकमेकींशी ओळीओळीने ताडून पाहिल्या, तेव्हा त्या हुबेहूब सारख्या नसल्याचे आढळले. छपाई चालू असताना यंत्र थांबवून दुरुस्त्या केल्या गेल्या होत्या. प्रस्तावनेत एका शब्दाची अक्षरे काही प्रतींत मागेपुढे आहेत, काहींत सरळ. एका ठिकाणी अख्खी ओळ बदललेली आहे. दुरुस्तीआधी छापलेले ताव फेकून न देता बाकीच्यांत मिसळून बांधले गेले, म्हणून कुठल्या प्रतीत काय येईल याचा नेम नाही. पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कवितेच्या शेवटी पूर्णविराम काही प्रतींत आहे आणि काहींत नाही. बरीच वर्षे त्यावर तात्त्विक लेख लिहिले गेले: कविता मुद्दाम उघडी ठेवली, आत्म्याला अंत नाही, वगैरे. प्रती ताडल्यावर दिसले ते असे की पूर्णविरामाचा खिळा छपाई चालू असताना सैल होऊन निसटला असावा. टीकाकारांनी कधीतरी छापखान्यात डोकावलेले बरे असते.

१८५५ च्या आधीचा माग लागतो तो वह्यांवरून. व्हिटमन खिशात मावतील अशा लहान वह्या बाळगत असे. काही विकत घेतलेल्या, काही स्वतःच कागद दुमडून शिवलेल्या. नावे, पत्ते, घरबांधणीचे हिशेब, वाचलेल्या लेखांतले मुद्दे आणि मधेच एखादी ओळ, असे सगळे त्यांत एकत्र आहे. यांतली सर्वांत प्रसिद्ध वही तिच्यात लिहिलेल्या एका नावावरून ‘टॅल्बट विल्सन’ वही म्हणून ओळखली जाते. तिच्यात १८४७ ची तारीख आहे, म्हणून पुष्कळ वर्षे ती त्याच वर्षाची मानली गेली आणि व्हिटमनला आपली शैली आठ वर्षे आधीच सापडली होती, असे चरित्रांतून लिहिले गेले. आता ती १८५३–५४ च्या सुमाराची मानतात. जुन्या वहीतली उरलेली पाने त्याने नंतर वापरली. त्या वहीत गद्य चालू असताना वाक्ये अचानक तुटून ओळी होतात. वृत्त नाही, यमक नाही. शरीराचा आणि आत्म्याचा, गुलामाचा आणि मालकाचा, दोघांचा कवी आपण, अशी भूमिका तो तिथे प्रथम घेऊन पाहतो. इंग्रजी मुक्तछंदाचा जन्म जिथे डोळ्यांनी पाहता येतो, अशा थोड्या जागांपैकी ही एक.

व्हिटमनच्या मृत्यूनंतर या वह्या टॉमस हार्नेड या वकील मित्राकडे गेल्या आणि १९१८ मध्ये त्याने त्या वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. तिथे त्या सुरक्षित राहायला हव्या होत्या. पण १९४२ मध्ये, महायुद्धामुळे, ग्रंथालयाने आपल्या मौल्यवान वस्तू पेट्यांत भरून राजधानीबाहेर हलवल्या. १९४४ मध्ये पेट्या परत आल्या, उघडल्या, आणि व्हिटमनच्या दहा वह्या नाहीशा असल्याचे लक्षात आले. त्यांत ‘टॅल्बट विल्सन’ वहीही होती. सोबत एक पुठ्ठ्याचे फुलपाखरूही गेले. त्या फुलपाखराची कथा वेगळीच आहे. १८७७ च्या सुमारास काढलेल्या एका छायाचित्रात व्हिटमनच्या बोटावर फुलपाखरू बसलेले दिसते, आणि ते खरे होते, असे तो लोकांना सांगत असे. ग्रंथालयाकडे आलेले फुलपाखरू ईस्टरच्या सणाला विकल्या जाणाऱ्या छापील कागदाचे होते. निसर्गाच्या कवीने स्टुडिओत कागदी फुलपाखरू वापरले! १९९५ मध्ये एका माणसाने वडिलांच्या मागे राहिलेल्या काही जुन्या वह्या न्यू यॉर्कच्या सदबीज या लिलावगृहाकडे आणल्या. तिथल्या जाणकारांनी त्या ओळखल्या. हरवलेल्या दहांपैकी चार वह्या आणि ते फुलपाखरू ग्रंथालयाला परत मिळाले. उरलेल्या सहा वह्यांचा पत्ता अजून नाही. मधल्या काळात अभ्यासकांना जुन्या छायाप्रती आणि आधी छापले गेलेले उतारे यांवरच भागवावे लागले होते.

खर्ड्यांचा सर्वांत भरघोस संच आहे तो १८५७ ते १८६० या वर्षांचा. दुसरी आवृत्ती फारशी खपली नव्हती, तरी व्हिटमन झपाट्याने लिहीत होता. जून १८५७ मधल्या एका पत्रात तो लिहितो की तिसऱ्या आवृत्तीसाठी आपल्याकडे शंभर कविता तयार आहेत. त्यासाठी वापरलेले कागद पाहण्यासारखे आहेत. काही गुलाबी आहेत. ते पहिल्या आवृत्तीच्या कागदी वेष्टनांसाठी आणलेल्या कागदांतले उरलेले असावेत, असा तर्क आहे. काही निळे आहेत, आणि त्यांच्या मागे विल्यम्सबर्ग शहराच्या कराचे छापील नमुने आहेत. विल्यम्सबर्ग हे स्वतंत्र शहर १८५५ च्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये विलीन झाले, त्यामुळे तिथले नमुने रद्दी झाले आणि पाठकोरे कागद म्हणून कवीच्या कामी आले. अभ्यासकाला याचा मोठा उपयोग: निळ्या कागदावरची कविता साधारण कधीची, हे कागदच सांगतो.

या कागदांचा मोठा भाग आज व्हर्जिनिया विद्यापीठात व्हॅलेंटाइन-बॅरेट हस्तलिखिते म्हणून ओळखला जातो. क्लिफ्टन वॉलर बॅरेट या संग्राहकाने तो विद्यापीठाला दिला. फ्रेडसन बाउअर्स या पाठचिकित्सकांनी त्यावर काम करून १९५५ मध्ये पुस्तक काढले. त्यांची पद्धत तपास अधिकाऱ्यासारखी होती. कागदाचा प्रकार, पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक, खोडून पुन्हा घातलेले क्रमांक, शाईचा रंग आणि टाचण्यांची भोके, असे सगळे त्यांनी नोंदवले. व्हिटमन सुटे तुकडे टाचणीने एकत्र जोडत असे. म्हणून दोन कागदांवरची भोके जुळली तर ते कधीकाळी एकत्र होते हे कळते. त्याची पद्धतच ती होती: लिहिलेला कागद कात्रीने कापायचा, आवडलेल्या ओळी नव्या कागदावर चिकटवायच्या, मधल्या जागेत नवे शब्द भरायचे. काही पाने तर गोधडीसारखी दिसतात. ज्याच्या ओळी वाचताना बोलता बोलता सहज तोंडातून आल्यासारख्या वाटतात, तो कवी कागदावर किती चेंगट होता हे इथे दिसते.

बाउअर्स यांच्या हाती यातून एक हरवलेली काव्यमालिकाच लागली. पांढऱ्या कागदाच्या लहान पानांवर सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या बारा कविता त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या आढळल्या. त्यांच्यावर रोमन आकडे होते. ते ओळीने लावल्यावर एका पुरुषावरच्या प्रेमाची आणि त्याच्या विरहाची सलग गोष्ट समोर आली. शीर्षक होते ‘लाइव्ह ओक, विथ मॉस’. व्हिटमनने ही मालिका कधीच छापली नाही. १८६० च्या आवृत्तीत ‘कॅलॅमस’ या ४५ कवितांच्या गुच्छात त्याने त्या बारा कविता क्रम मोडून पेरून टाकल्या. गोष्ट विस्कटली आणि उरल्या सुट्या कविता. त्यांतल्या सर्वांत उघड दुःखाच्या दोन कविता त्याने १८६७ मध्ये संग्रहातूनही काढल्या. बाउअर्स यांनी मालिका जुळवून १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. हस्तलिखित नसते, तर ती कुणाला कळलीही नसती.

अशीच दुसरी गोष्ट त्याआधी, १९२० मध्ये, एमरी हॉलोवे यांनी उजेडात आणली होती. एका गजबजलेल्या शहरातून जाताना भेटलेल्या स्त्रीची आठवण सांगणारी एक छोटी प्रेमकविता १८६० पासून छापली जात होती. न्यू ऑर्लिन्सला १८४८ मध्ये व्हिटमनचे एका स्त्रीशी संबंध होते, असे त्या कवितेच्या आधारे चरित्रकारांनी मांडले होते. हॉलोवे यांनी हस्तलिखित पाहिले, तर तिथे स्त्री नव्हती, पुरुष होता. छापायला देताना व्हिटमनने बदल केला. चरित्रांतला एक मजला यामुळे ढासळला.

१८५९ मध्ये अजून प्रकाशक ठरला नव्हता, तरी व्हिटमनने काही नव्या कविता रोम बंधूंकडून खिळ्यांत लावून घेतल्या. ती मुद्रिते उरली आहेत. त्यावर पुन्हा दुरुस्त्या झाल्या आणि तेच कागद पुढच्या छपाईसाठी प्रत म्हणून वापरता आले. दरम्यान फेब्रुवारी १८६० मध्ये बोस्टनच्या थेअर अँड एल्ड्रिज या तरुण प्रकाशकांनी आपण होऊन त्याला विचारले. मार्चमध्ये तो बोस्टनला गेला, मुद्रितांवर बसला, आणि ४५६ पानांचे पुस्तक काढून घेतले. वर्षभरात प्रकाशकांचे दिवाळे वाजले, पण त्या पुस्तकाची एक प्रत व्हिटमनने स्वतःजवळ ठेवली.

निळ्या कागदी वेष्टनातली ती प्रत ‘ब्लू बुक’ म्हणून ओळखली जाते. पुढची काही वर्षे व्हिटमनने तिच्यावर शाईने, काळ्या आणि रंगीत पेन्सिलींनी, निरनिराळ्या वेळी दुरुस्त्या केल्या. अख्ख्या कविता कापल्या, काही परत घातल्या, कडेला चिठ्ठ्या चिकटवल्या, ओळींमधल्या ठिपक्यांच्या रांगा काढल्या. १८६५ मध्ये तो वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत, रेड इंडियन लोकांशी संबंधित खात्यात कारकून होता आणि ही प्रत कचेरीतल्या मेजाच्या खणात ठेवत असे. अंतर्गत खात्याचे नवे मंत्री जेम्स हार्लन धार्मिक वृत्तीचे. त्यांनी ती प्रत पाहिली आणि ३० जून १८६५ रोजी व्हिटमनला कामावरून काढले. खर्डा वाचल्यामुळे नोकरी गेलेला कवी विरळाच. मित्रांनी लगेच त्याला ॲटर्नी जनरलच्या कचेरीत लावून दिले. विल्यम ओ’कॉनर या मित्राने तर त्याच्या बचावार्थ पुस्तिकाच लिहिली. आज ही प्रत न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ऑस्कर लायन संग्रहात आहे. आर्थर गोल्डन यांनी १९६८ मध्ये तिची छायाप्रत अभ्यासासह छापली. १८६७ च्या आवृत्तीतले अनेक बदल तिच्यातून आले. पण तिच्यातले कितीतरी बदल व्हिटमनने पुढे कधीच वापरले नाहीत, म्हणजे हा एक न निघालेल्या आवृत्तीचाही खर्डा आहे.

यादवी युद्धाच्या काळात व्हिटमन वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी सैनिकांच्या उशाशी बसत असे आणि त्यांची नावे, गावे, हवे-नको लहान वह्यांत टिपत असे. त्याच काळातल्या एका वहीत कोळ्यावरच्या कवितेचा पहिला खर्डा आहे. तिथे रस्त्यात अनोळखी माणसाची नजर शोधणाऱ्या, प्रेमासाठी ताटकळणाऱ्या जीवाची तगमग आहे; कोळी फक्त उपमेपुरता. १८६८ मध्ये छापून आली तेव्हा रस्ता गेला, माणसे गेली, कोळी पुढे आला आणि त्याच्या धाग्याबरोबर आत्मा. एकाच बीजाची इतकी वेगळी दोन रूपे शेजारी ठेवून पाहायला मिळणे हा खर्ड्यांचा खरा लाभ. युद्धावरचा ‘ड्रम-टॅप्स’ हा संग्रह एप्रिल १८६५ मध्ये न्यू यॉर्कला छापला जात असतानाच १४ तारखेला लिंकनवर गोळी झाडली गेली. व्हिटमनने वितरण थांबवले आणि वॉशिंग्टनला २४ पानांची पुरवणी वेगळी छापून जोडली. लिंकनवरच्या त्याच्या दोन प्रसिद्ध कविता या पुरवणीत आहेत.

त्यांतल्या ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’चे एक छापील पान लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ते वारंवार प्रदर्शनांत मांडले जाते. यमक आणि ठरीव कडवी असलेली ही कविता व्हिटमनच्या इतर लेखनाहून अगदी वेगळी, आणि नेमकी तीच शाळांतून सर्वांत जास्त म्हटली गेली. व्हिटमन याला वैतागला होता. ती लिहिली नसती तर बरे, असेही तो बोलून गेला. तरी १८८८ मध्ये ‘रिव्हरसाइड लिटरेचर सिरीज’ या शालेय मालेत तिचा जुना पाठ छापलेला दिसला, तेव्हा त्याने ९ फेब्रुवारीला ते पान घेऊन शब्द आणि विरामचिन्हे दुरुस्त केली आणि प्रकाशकांना पाठवून दिले. नावडती कविता असली म्हणून काय झाले, स्वल्पविराम चुकलेला जुळाऱ्याला खपत नाही. याच कवितेच्या त्याने हाताने लिहिलेल्या सुंदर प्रतीही उरल्या आहेत. पण त्या म्हातारपणी मित्रांना आणि चाहत्यांना भेट म्हणून लिहून दिलेल्या. लिलावात त्यांना मोठा भाव येतो. कविता कशी घडली हे शोधणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग जवळजवळ नाही.

जानेवारी १८७३ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर व्हिटमन न्यू जर्सीतल्या कॅमडेनला आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. या काळातली त्याची एक सवय अभ्यासकांना विशेष उपयोगी पडली. नवी कविता झाली की तो जवळच्या छापखान्यात तिची मुद्रिते काढून घेई. लांबट कागदाच्या त्या पट्ट्या वृत्तपत्रांना, मासिकांना आणि मित्रांना जात; काही सहीनिशी. त्यावरच पुढच्या दुरुस्त्या होत. १८७६ च्या प्रतींत तर त्याने अशा छापील पट्ट्या कापून पानांवरच्या मोकळ्या जागांत चिकटवल्या. पुस्तक बांधून झाल्यावरही ते त्याला पुरे झालेले वाटत नसे. १८८१ मध्ये बोस्टनच्या ऑसगुड कंपनीसाठी त्याने दोनेक महिने छापखान्यात बसून मुद्रिते पाहिली. पुढच्या वर्षी सरकारी वकिलाने अश्लीलतेचा आक्षेप घेतला, व्हिटमनने ओळी गाळायला नकार दिला, ऑसगुडने हात वर केले. साच्याच्या प्लेटी मात्र व्हिटमनने मिळवल्या आणि फिलाडेल्फियाच्या प्रकाशकांकडून त्यांवरूनच पुस्तक छापून घेतले. १८९१–९२ ची शेवटची आवृत्तीही मुख्यतः याच प्लेटींवरून निघाली. पाठ गोठला तो असा. त्यानंतरच्या कविता त्याने पुरवण्या म्हणून मागे जोडल्या.

या शेवटच्या वर्षांचा साक्षीदार म्हणजे होरेस ट्रॉबेल. १८८८ पासून तो जवळजवळ रोज व्हिटमनच्या मिकल स्ट्रीटवरच्या घरी जाई आणि बोलणे टिपून ठेवी. त्या टिपणांचे नऊ खंड झाले, पहिला १९०६ मध्ये आला आणि शेवटचा १९९६ मध्ये. व्हिटमनच्या खोलीची जमीन कागदांनी झाकलेली असे, पत्रे, खर्डे, कात्रणे, मुद्रिते यांचे ढीग. घरकाम करणाऱ्यांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. व्हिटमन काठीने ढीग ढवळी आणि वर आलेला एखादा कागद ट्रॉबेलच्या हाती देई. १८८८ च्या उन्हाळ्यात तो खूप आजारी होता, तेव्हा ‘नोव्हेंबर बाव्ज’ची मुद्रिते फिलाडेल्फियाच्या छापखान्यातून आणणे आणि तपासून परत नेणे हे काम ट्रॉबेलच करी.

मार्च १८९२ मध्ये व्हिटमन वारला. मृत्युपत्राप्रमाणे वाङ्मयीन विश्वस्त तीन: ट्रॉबेल, हार्नेड आणि कॅनडातल्या लंडन शहरातला वेड्यांच्या इस्पितळाचा अधीक्षक डॉ. रिचर्ड मॉरिस बक. तिघांनी कागदांची तीन वाट्यांत विभागणी केली. वाटणी बरोबरीची व्हावी म्हणून एकाच कवितेचे खर्डे तीन घरी गेले असतील तर ते त्या वेळी कुणाला खटकले नाही. हार्नेडचा वाटा लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला. बकने १८९९ मध्ये आपल्याकडच्या टिपणांचे पुस्तक काढले, पण त्याच्या मृत्यूनंतर वाटा लिलावात फुटला. त्याचा बराच भाग आज ड्यूक विद्यापीठाच्या ट्रेंट संग्रहात आहे. ट्रॉबेलचा वाटा डेट्रॉइटचे उद्योजक चार्ल्स फाइनबर्ग यांनी अनेक वर्षे खपून जमवला आणि १९६९ पासून तो लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला. व्हिटमनच्या कागदांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह हाच.

इतके पाठ हाती आल्यावर संपादकांपुढे प्रश्न उभा राहतो: छापायचा कोणता? व्हिटमनने शेवटच्या आवृत्तीलाच मान्यता दिली होती आणि पुढेही तीच छापावी, असे सांगून ठेवले होते. १९५९ मध्ये माल्कम काउली यांनी १८५५ चा पाठ स्वतंत्रपणे छापून तोच श्रेष्ठ असल्याचे मांडले. दोन वर्षांनी रॉय हार्वी पिअर्स यांनी १८६० च्या आवृत्तीची बाजू घेतली. १९८० मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातर्फे सर्व छापील पाठांची तुलनात्मक आवृत्ती निघाली. ती भारदस्त आहे, पण तिने स्वतःला छापील कवितांपुरते मर्यादित ठेवले, आणि व्हिटमनच्या बाबतीत ती मर्यादा जाचतेच. १९९५ च्या सुमारास एड फोल्सम आणि केनेथ प्राइस यांनी संगणकावर ‘वॉल्ट व्हिटमन अर्काइव्ह’ सुरू केले. तीन वाट्यांत गेलेले आणि अनेक संस्थांत विखुरलेले कागद तिथे छायाचित्रांसह एकत्र पाहता येतात.

संगणकावरच्या अशा संग्रहांचा एक फायदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना झाला. हार्नेड संग्रहातल्या एका वहीत एका कादंबरीचा आराखडा आणि पात्रांची नावे होती. ती लिहिली गेली नसावी, असे सर्वांनी धरले होते. झॅकरी टर्पिन या संशोधकाने ती नावे जुन्या वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहात शोधली, तेव्हा मार्च १८५२ च्या एका न्यू यॉर्क वृत्तपत्रातली जाहिरात सापडली. ‘लाइफ अँड ॲडव्हेंचर्स ऑफ जॅक एंगल’ ही कादंबरी ‘संडे डिस्पॅच’मध्ये लेखकाच्या नावाशिवाय क्रमशः आली होती. तिचे अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच, आराखड्याच्या वहीसह एकाच संस्थेत, अनेक वर्षे दुर्लक्षित होते. २०१७ मध्ये ती व्हिटमनच्या नावावर पुन्हा छापली गेली.